विलायचीच्या भावात

मु. पो. मानोरा
दि. ८ एप्रिल १९७४

ती. केशरीभाऊस,
धाकटी बहीण तारामती हिचा सविनय जय जिनेंद्र वि. वि.

तुझं पत्र मिळालं. महागाईविरुद्धच्या सभेत तू पावणेदोन तास बोललास, लोक जागचे उठले नाहीत, आणि शेवटी तुझा घसाच उठून गेला, हे वाचून हसू आलं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचा घसा काटकसरीनं वापरता येऊ नये? ज्येष्ठमध चघळ आणि आठ दिवस कुणाला अन्यायावर काही सांगू नकोस.

इकडे सगळं ठीक. पोहरादेवीची यात्रा आटोपली आणि लग्नसराई सुरू झाली. तू आमचं घर एकदाच, तेही माझ्या लग्नाच्या गर्दीत पाहिलंस, म्हणून सांगते. पुढं कापडाचं दुकान, मागं घर, मध्ये जाड निळा पडदा. सून पडद्यापलीकडे जात नाही. जातो तो तिच्या हातचा चहा. बापूजी, म्हणजे माझे सासरे पूनमचंदजी, गादीवरून आत हाक देतात. कुणासाठी पाणी, कुणासाठी चहा, आणि खास कुणी असेल तर विलायचीचा चहा. तो फुलांच्या कपात जातो. बापूजींच्या विधवा बहीण कस्तुराबाई आत्या ट्रे बाहेर नेऊन ठेवतात. दिवसाला चाळीस-पन्नास कप होतात. इतका अगत्याचा दुकानदार पंचक्रोशीत नसेल.

आता खरी बातमी. परवा गंगू आली होती! वसतिगृहात राहून वाशीमच्या शाळेत माझ्या बाकावर बसायची ती. परीक्षेच्या दिवसांत मी शरबताच्या बाटलीत चहा भरून, वर तुझा लोकरी मोजा चढवून, जिच्यासाठी बाहेर नेत असे ती. आपल्या घरात ती उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हती, म्हणून बाटली उंबऱ्याबाहेर जायची. आता ती मेडशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आईवडील इथून तीन मैलांवर राहतात. जूनमध्ये तिचं लग्न. स्वतःसाठी त्यांच्या बौद्ध रीतीची पांढरी साडी आणि धाकटा भाऊ उकंडराव याच्यासाठी शर्टाचं कापड घ्यायला आली होती, स्वतःच्या पगारातून.

मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. भाऊ, तिचे वडील जानराव याच दुकानाच्या पायरीखाली उभे राहत आणि कापड वरून त्यांच्या हातात टाकलं जाई, हे तिनंच मला शाळेत असताना सांगितलं होतं. परवा त्यांची लेक गादीच्या कडेला बसली होती, चष्मा लावून. मला बाहेर जाता येईना. हाक मारता येईना. मग जे हातात होतं ते केलं. बापूजींची हाक नसताना विलायचीचा चहा केला, माझ्या पद्धतीचा, दोन मिरे ठेचून घातलेला, आणि फुलांच्या कपात पाठवला. आमचा देवमन, तो कापड दाखवतो आणि मोजतो, त्यानं आधी कपाकडे पाहिलं, जणू कपातच कापडाचं ठाण होतं, आणि मग भाव सांगितला. गंगूनं घोट घेतला. एकदा पडद्याकडे पाहिलं. मग पैसे मोजून दिले, हुज्जत नाही की काही नाही. मला दिवसभर काम सुचलं नाही, इतका आनंद झाला.

अंगुरीच्या सोयरिकीचं बाबांनी लिहिलंच असेल. यांच्या चुलतभावाशी बोलणी चालली आहेत. बापूजी हो म्हणाले की झालंच. आपली धाकटी माझ्याच घरात येणार या कल्पनेनं मी आताच तिच्यासाठी खुंटी रिकामी करून ठेवली आहे.

लोभ आहेच, तो भाषणांतून उरला तर इकडे पाठवावा.
तुझी
तारा


अमरावती
दि. १६ एप्रिल १९७४

चि. सौ. तारामती हिस,
केशरीचंदचे अनेक उत्तम आशीर्वाद.

घसा सुधारला. गंगूची बातमी वाचून आनंद झाला आणि मोजा कुठं जायचा हे दहा वर्षांनी कळलं. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला टोचते आहे. देवमननं भाव सांगण्याआधी कपाकडे का पाहिलं?

तारा, जगातल्या प्रत्येक विकणाऱ्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. मालाला किती खर्च आला हे त्याला माहीत असतं; समोरचा माणूस जास्तीत जास्त किती देईल हे त्याला माहीत नसतं. ते कळावं म्हणून तो युक्त्या करतो. रेल्वेकडे पाहा. आता तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणू लागलेत, लाकडी बाक तेच. त्या बाकावर गादी घालायला असा काय मोठा खर्च आहे? पण गादी घातली तर वरच्या वर्गाचं तिकीट कोण काढील? गरिबाची पाठ दुखवायची, ती गरिबावर रागानं नव्हे, तर पैसेवाल्याला भीती दाखवण्यासाठी! औषधाची एकच गोळी सरकारी दवाखान्याला एका भावानं आणि तुझ्या-माझ्या दारातल्या दुकानाला दुसऱ्या भावानं. सिनेमाचा पडदा एकच, त्यावरचा नट एकच, रडणं एकच. पुढच्या बाकड्यावर रडायला एक दर आणि बाल्कनीत रडायला दुसरा. मोठ्या कंपन्या यासाठी छापील दरपत्रकं काढतात. छोटा दुकानदार गिऱ्हाइकाच्या चपला पाहतो. धंदा तोच.

मी म्हणतो, वस्तूला एक किंमत असावी आणि ती दारावर लिहिलेली असावी. वाचता येणाऱ्यानं वाचावी, न येणाऱ्याला वाचून दाखवावी. माणूस दुकानात शिरला की तो कोण, कुणाचा, किती भोळा, हे तोलण्याचा तागडीला अधिकार नाही. हे मी परवाच्या सभेतही सांगितलं आणि लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला.

तेव्हा कपाची चौकशी कर.

जाता जाता एक. इथले दुकानदार चामडी सोलतात. मला आणि माझ्या एका सहकाऱ्याला टेरिकॉटचा एकेक पँटपीस हवा आहे. आमचे मेहुणे उत्तमचंदजी यांना सांगून घरच्या भावात पाठव.

तुझ्या चहाची आठवण काढणारा
केशरीभाऊ


मानोरा
दि. २५ एप्रिल १९७४

ती. भाऊस,
तारामतीचा जय जिनेंद्र वि. वि.

दोन्ही पँटपीस पार्सलनं पाठवले आहेत. राखाडी तुझा, तपकिरी तुझ्या मित्राचा. घरच्या भावात.

कपाची चौकशी मला करावी लागली नाही. उत्तर जेवणाच्या पाटावर चालून आलं. दुपारी हे जेवत होते आणि एकदम हसायला लागले. म्हणाले की, तू तर बापूजींच्याही वरचढ निघालीस. त्या मास्तरणीला बापूजी नुसतं पाणी सांगणार होते, कारण वेणी घट्ट आणि पिशवी जुनी, म्हणजे घासाघीस करणारी असं त्यांना वाटलं. तू आतून विलायची पाठवलीस आणि ती अठरा रुपये जास्तीचे देऊन गेली, तोंडातून शब्द न काढता. तुला कसं ओळखता आलं, असं ते मला कौतुकानं विचारत होते.

भाऊ, मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, जणू मी परीक्षेत पहिली आले आहे. पाणी सांगितलं की देवमननं पडता, म्हणजे सगळ्यांत खालचा, भाव सांगायचा. चहा आला की रुपयामागे दोन आणे चढवायचे. विलायची आली की चार आणे. गिऱ्हाईक बसलेलं असतं, त्याच्यासमोर भाव कसा ठरवणार? म्हणून पाहुणचारातून ठरवायचा. ज्याला चहा मिळतो तो सुखावतो, आणि सुखावलेला माणूस भांडत नाही. आजोबांच्या काळापासून असंच चालत आलं आहे. मी देवमनला आत्यांकरवी विचारलं तर त्यानं निरोप धाडला की, वहिनी, मले काय समजते, मी तं कप पाह्यतो, मानसाचं तोंड नाही पाह्यत.

वर्षभर मी चाळीस-पन्नास कप रोज पाठवले. मला वाटत होतं मी लोकांचा मान करते आहे.

आणि गंगू! तिच्या वडिलांना जिथं पायरीवर चढू दिलं नाही तिथं तिला बसवून चहा पाजला याचा मला केवढा अभिमान झाला होता. तो अभिमान तिनं अठरा रुपयांना विकत घेतला आणि विकणारी मी.

पुढं ऐक. बापूजी खूष झाले आहेत. ते म्हणाले की बायकांचं अंतरंग पुरुषाला कळत नाही. कुणाच्या हातातल्या बांगड्या घरच्या, कुणाच्या मागून आणलेल्या, हे बाईच ओळखू जाणे. आजपासून बायका-गिऱ्हाईक आलं की मी हाक देणार नाही, सूनबाईंनीच फटीतून पाहावं आणि योग्य वाटेल ते पाठवावं. सासूबाईंनी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. या घरात सुनेला असा मान आजवर मिळाला नव्हता म्हणे.

काय करू ते लिही.
तारा


अमरावती
दि. ३ मे १९७४

चि. सौ. तारामतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. काय करू विचारतेस? पडदा बाजूला कर! तो निळा कापडाचा तुकडा तुझ्या आणि सत्याच्या मध्ये टांगला आहे, बाकी त्याला काही किंमत नाही. बाहेर ये, गादीसमोर उभी राहा आणि भर दुकानात सांग की पाणी पिणाऱ्याला आणि चहा पिणाऱ्याला एकाच भावानं कापड मिळालं पाहिजे.

हे साधं लुबाडणं नाही, तारा. दरोडेखोर निदान भीती दाखवून घेतो. इथं विश्वास दाखवणाऱ्याकडून घेतात. जो संशय घेईल त्याला स्वस्त, जो भरवसा ठेवील त्याला महाग! असा बाजार चार पिढ्या चालला तर त्या गावात भरवसा ठेवणारं माणूस शिल्लक राहील का? ज्या समाजाला हजार वर्षं पायरीखाली ठेवलं, तो वर येऊन बसला, तर त्याच्या बसण्यावरही कर!

गंगूला सगळं कळव. आणि फुलांचा तो कप फोडून टाक.

तुझ्या पाठीशी उभा असलेला
केशरीभाऊ

ता. क. पँटपीस मिळाले. कापड उत्तम आहे. माझा शिंप्याकडे टाकला.


मानोरा
दि. १४ मे १९७४

ती. भाऊस,
तारामतीचा जय जिनेंद्र.

तू माझ्या पाठीशी उभा आहेस, पण तो अमरावतीला. तुझं भाषण ऐकून टाळ्या वाजवणारे लोक नंतर आपापल्या घरी जातात. मी कुठं जाऊ? मी घरातच आहे.

तरी मी केलं. पडदा नाही सारला, पण तीन दिवस जी बाई आली तिला पाणी पाठवलं. सावकारीण असो की शेतमजुरीण, सगळ्यांना पाणी. देवमन गोंधळला, पण त्यानं पडत्या भावानं माल दिला. चौथ्या दिवशी बापूजी आत आले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. पाटावर बसले, मी वाढलेलं ताक प्यायले आणि शांतपणे म्हणाले की, सूनबाई, दुकान पाण्यावर चालत नाही. मी धीर करून गंगूचे अठरा रुपये काढले. तेव्हा त्यांनी मला सोजरबाईची गोष्ट सांगितली. ती तांड्यावरची विधवा, दर वर्षी नातवंडांसाठी कापड नेते, तिला ते पडत्या भावाच्याही खाली देतात. गावात कुणाघरी मयत झाली तर त्या कापडावर या घरानं कधी पैसा घेतला नाही. हे कुठून येतं, असं त्यांनी मला विचारलं. सगळ्यांना एक भाव लावला तर तो पाण्याचा राहणार नाही, मधला राहील. मग सोजरबाईला तो परवडेल का? मी ज्याला झेपतं त्याच्याकडून घेतो आणि ज्याला झेपत नाही त्याला सोडतो, यात पाप कुठं आहे ते तुझ्या प्राध्यापक भावाला विचारून सांग.

म्हणून विचारते. तू काय सांगशील? मी एवढंच म्हणू शकले की गंगूला झेपत होतं म्हणून तिनं दिलं नाही, तिला भांडता आलं नाही म्हणून दिलं. कप झेपणं मोजत नाही, लाज मोजतो.  बापूजी म्हणाले की अंगुरीच्या सोयरिकीचं बोलणं पुढच्या महिन्यात करू, एकाच घरातल्या दोन मुली आणायच्या म्हणजे पहिलीचा स्वभाव नीट कळला पाहिजे. ताकाचा पेला खाली ठेवला आणि गेले.

पाचव्या दिवसापासून मी पुन्हा चहा करते आहे.

तुला सर्वांत वाईट काय आहे ते सांगू? मला जमायला लागलं आहे. फटीला डोळा लावला की कळतं. पदर दोनदा सावरणारी भांडणार नाही. नवऱ्याला सोबत आणलेली भांडेल. नव्या चपला घालून जपून पाय टाकणारी, तिला चांगलं दिसायचं असतं, ती विलायचीची. बापूजी म्हणतात, माझी नजर त्यांच्यापेक्षा तयार झाली.

आणि घरच्या भावाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. पाणी, चहा, विलायची, आणि त्या सगळ्यांच्या खाली घरचा भाव. तो कोण भरतं, भाऊ? दारावर एक किंमत लिहिलेली असावी असं तू एका पानावर लिहिलंस आणि त्याच पानाच्या पाठीवर दोन पँटपीस मागितलेस. तुझ्या पायांवर जे राखाडी कापड आहे, त्यात गंगूच्या पांढऱ्या साडीचे धागे आहेत.

रागावू नकोस. दुसरं कुणी नाही माझं, ज्याच्यावर चिडावं असं.

लोभ असू दे, महाग पडला तरी.
तारा


मानोरा
दि. १५ मे १९७४

प्रिय गंगू हिस,
तारामतीचा सप्रेम नमस्कार.

तू साडी घ्यायला आलीस त्या दिवशी मी पडद्याआड होते. चहा मीच पाठवला होता, दुकानानं नव्हे. पण या दुकानात फुलांच्या कपाचा अर्थ वेगळा असतो. तो समोर आला की देवमन भाव चढवतो. मला हे माहीत नव्हतं. माझ्या चहानं तुला अठरा रुपयांना बुडवलं. माझ्या हातात पैसे नसतात, नाहीतर याच पाकिटात घातले असते. मला क्षमा करता आली तर कर, नाही आली तरी एक ओळ लिही. कार्ड पाठवू नकोस, इथं कार्ड सगळे वाचतात. पाकीट बंद करून पाठव.

लग्नाला येणं माझ्या हातात नाही, हे तू न सांगता समजशील.
तुझी
तारा


मेडशी
दि. २२ मे १९७४

प्रिय ताराबाई हिले,
गंगूचा सप्रेम जय भीम.

दिवसभर पोराईले शुद्धलेखन शिकवतो, म्हणून तुले तरी आपल्या बोलीत लिहितो. चुका काढू नको.

पाकीट वाचलं आणि आधी लय हासली. मंग रडली. मंग पुन्हा हासली. अव बाई, अठरा रुपये गेले हे मले त्याच दिवशी माहीत होतं! मी आदल्या दिवशी वाशीमले एस. टी. बदलली तवा तिथच्या दुकानात तीच साडी, तोच शिक्का, भाव विचारून ठेवला होता. मी काय भोळी हाय? चौतीस पोरं सांभाळतो मी. तुह्या देवमननं आकडा सांगतला तवा मी तोंड उघडलंच होतं, असं काही सुनावणार होती का तुह्या सासऱ्याची पगडी हालली असती. पण तितक्यात चहाचा घोट पोटात गेला होता. त्यात मिरे होते.

विलायचीत मिरे कोन टाकते? सगळ्या जिल्ह्यात तू एकटी. बाटलीतला चहा आठवला, तुह्या भावाचा मोजा आठवला, त्या मोज्याचा वास बी आठवला. म्हटलं, तारी पडद्यामागं उभी हाय. आता मी भांडली तं आत तिले बोलनं बसंन का सूनबाईची मैत्रीन पाहा कशी चार पैशासाठी बाजार मांडते. म्हणून गप बसली. पैसे दिले. ते तुह्या सासऱ्याले नाही दिले, तुह्यासाठी दिले. तवा तू कायले रडून राह्यली? तू माह्यासाठी चहा केला, मी तुह्यासाठी तोंड बंद ठेवलं. मधातल्या मधात दुकानाचा फायदा झाला, तो काय आपल्या दोघींचा गुन्हा हाय?

पन आता आईक. बाबांचा फेटा आणि मायचं लुगडं घेनं बाकी हाय. बाबा म्हनतात वाशीमहून आन, मी म्हटलं नाही, त्याच दुकानातून घेईन, आणि तुमाले सोबत घेऊन जाईन. ज्या पायरीखाली तुमी उभे राह्यले तिच्यावर बसून भाव करीन. दोन जूनले येतो. आता भांडनार हाय मी, पुरी तयारी करून. फक्त एक कर माह्या माय. चहा पाठवू नको. तुह्या हातचा घोट पोटात गेला का माह्यं तोंड बंद होते. मले पाणी पाठव.

लग्नाले नाही आली तं नाही आली. अक्षता इथून तुह्या दिशेनं बी टाकीन.
तुहीच
गंगू


अमरावती
दि. २७ मे १९७४

चि. सौ. तारामतीस,
आशीर्वाद.

पँट शिवून झाली आहे. शिवलेलं कापड परत कसं पाठवू? काल ती घालून मी एका सभेत ‘एक भाव’ या विषयावर बोलायला उभा राहिलो. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग नजर खाली गेली आणि पुढचं वाक्य सापडेना. लोकांना वाटलं घसा बसला.

तुझ्या सासऱ्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. सोजरबाईला सवलत द्यायची असेल तर ती उघडपणे द्यावी, पाटीवर लिहून. गंगूला न विचारता तिच्याकडून दान काढू नये. हे उत्तर बरोबर आहे, तारा. फक्त ते देण्याचा अधिकार माझ्याजवळ या पँटीत उरलेला नाही.

तुझा
केशरीभाऊ


मानोरा
दि. ४ जून १९७४

ती. केशरीभाऊस,
तारामतीचा जय जिनेंद्र वि. वि.

तुझं उत्तर बरोबर आहे. पँट घाल. फाटेपर्यंत घाल, आणि पुढची दुकानातून पूर्ण भावानं घे.

परवा गंगू आली. सोबत जानराव. म्हातारे पायरीपाशी थांबले, सवयीनं. गंगूनं त्यांचा हात धरला नाही, ओढलं नाही. ती वर जाऊन बसली आणि नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली, ते चढेपर्यंत. मी पाण्याचे दोन पेले भरून ठेवले होते. आत्यांच्या हातात ट्रे देणार तोच बापूजींची हाक आली. बायकांसाठी ते आता हाक देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी गंगूला ओळखलं होतं. विलायचीचा चहा, दोन कप, आणि जरा मोठ्या आवाजात.

आता तू सांग. पाणी पाठवावं तर भर दुकानात सासऱ्यांचा शब्द मोडतो, आणि अंगुरीची बोलणी येत्या रविवारी आहेत. चहा पाठवावा तर माझ्या हातचा घोट गेला की गंगूचं तोंड बंद. चुलीपुढं मी उभी राहिले ती उभीच राहिले. दूध उतू गेलं. मग आत्यांना म्हटलं, माझ्या हाताला चटका बसला आहे, आज तुम्हीच करा. आत्यांचा चहा तुला ठाऊक नाही. पानं तीन वेळा उकळतात, साखर चुकूनमाकून. त्यांनी विलायची टाकली, सालासकट. मिरे अर्थातच नाहीत.

फुलांचे दोन कप बाहेर गेले. फटीतून पाहत होते. देवमननं कप पाहिले आणि चढा भाव सांगितला. गंगूनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पडद्याकडे पाहिलं आणि हसली. कप खाली ठेवला. आणि भाऊ, मग जी सुरू झाली! वाशीमचा भाव सांगितला, कारंज्याचा सांगितला, ठाणावरचा शिक्का वाचून दाखवला. बापूजींना म्हणाली की शेठजी, चहा तुमचा कडू झाला, आता भाव तरी गोड करा. दुकानातल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. बापूजींनी देवमनला खूण केली. फेटा आणि लुगडं पाण्याच्या भावात गेलं, वरून दोन रुपये कमी. जानरावांनी फेटा घडी मोडून तिथंच डोक्याला लावून पाहिला, दुकानाच्या आरशात.

संध्याकाळी बापूजी देवमनला सांगत होते ते मी ऐकलं. ही मास्तरीण आता ओळखून ठेव. हिला यापुढं कधी चहा नाही. पाणी.

म्हणजे गंगू जिंकली. तिला या दुकानात जन्मभर खरा भाव मिळेल, आणि माझ्या हातचा चहा कधीच नाही. दोन्ही एकदम मिळायची सोय या घरात नाही.

मी मात्र एक केलं. ती पायरी उतरली तेव्हा मी मिरे ठेचले, खरा चहा केला आणि शरबताच्या बाटलीत भरला. तुझा मोजा कुठून आणू? दुकानात नमुन्याच्या चिंध्या पडलेल्या असतात, त्यांत गुंडाळला आणि आत्यांना मागच्या दारानं एस. टी. स्टँडवर पिटाळलं. त्या कुरकुरत गेल्या, पण गेल्या. बापलेकींनी बाकावर बसून प्याला म्हणे, आधी जानरावांनी. बाटली धुऊन परत आली. आत एक फुलाची पाकळी होती. त्या चहावर कुणी भाव चढवला नाही. पण भाऊ, दहा वर्षं झाली, ती शिकली, कमावती झाली, गादीवर बसली, आणि माझा चहा ती अजून उंबऱ्याबाहेरच पिते.

रविवारी अंगुरीचं पक्कं होईल असं दिसतं. बापूजींनी मला तिच्यासाठी दुसरी विळी आणि वेगळी चूल बघायला सांगितली आहे. दोघी असल्या की चहाला वेळ लागणार नाही, असं ते म्हणाले.

बाटली फडताळात ठेवली आणि फटीशी आले, तेव्हा गंगूच्या जागी एक नवी बाई बसली होती. एकटीच. पदर दोनदा सावरला. नव्या चपला पायरीवर काढून ठेवल्या होत्या, कुणी नेऊ नये म्हणून अगदी जवळ. देवमननं पडद्याकडे पाहिलं. बापूजींनी पाहिलं. मी विलायची कुटायला घेतली.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. लोभ मात्र कमी करू नकोस.
तुझी
तारा